अवधान आणि अप्रस्तुत प्रसंग

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, ती म्हणजे अवधान. सातशे वर्षांनंतर तेच मागणे घराघरांत आई मुलाकडे करते आणि, खरे सांगायचे तर, नातू आजोबांकडेही करतो.

आपण पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहणारी माणसे. तेलुगू अष्टावधानाचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अवधानीसमोर आठ पृच्छक बसतात. कोणी समस्या देतो, कोणी अक्षरांचे बंधन घालतो. अवधानी प्रत्येकाचे पद्य थोडेथोडे रचत जातो आणि शेवटी सारी पद्ये आठवून म्हणून दाखवतो. या आठांत एकाचे काम निराळे असते. मध्येच असंबद्ध बोलून त्याने अवधानीचे लक्ष मोडायचे. यालाच ‘अप्रस्तुत प्रसंग’ म्हणतात. अवधानी त्याला हसत उत्तर देतो आणि सुटलेल्या शब्दावर नेमका परत येतो. हे परत येणे म्हणजेच एकाग्रता, आणि त्यामागे अनेक वर्षांची साधना असते. आज तो अप्रस्तुत बोलणारा पृच्छक आपल्या प्रत्येकाच्या खिशात बसला आहे. साधना मात्र आपल्यापाशी नाही.

हा पृच्छक इतका प्रभावी का? मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. बटण टोचल्यावर दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, की कबूतर टोचतच राहते. दाणे बंद केले तरी लवकर थांबत नाही. फोन उघडल्यावर आपल्यालाही कधी नातवंडाचा फोटो मिळतो, कधी जाहिरात, कधी काहीच नाही. नेम नाही म्हणूनच हात पुन्हा तिकडे जातो. त्यात २००६ साली अ‍ॅझा रॅस्किन यांनी न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली. वर्तमानपत्राचे पान संपते, तिथे माणूस थांबतो. या पानाला शेवटच नाही. पुढे खुद्द रॅस्किन यांनीच या युक्तीबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांनी लोक एका पडद्यावर सलग किती वेळ टिकतात, हे मोजले. २००४ साली सरासरी अडीच मिनिटे, २०१२ मध्ये ७५ सेकंद आणि अलीकडच्या वर्षांत सुमारे ४७ सेकंद. सोफी लेरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसले, की अर्धवट काम सोडून दुसरे घेतले तर मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. ‘एकच मेसेज पाहतो’ म्हणून वर केलेली मान खाली आली, तरी मन लगेच पुस्तकावर येत नाही.

दवाखान्यात पुष्कळ जण स्मरणशक्तीचे औषध मागतात. त्यांना मी सांगतो, आठवण राहण्यासाठी आधी मनात नोंद व्हावी लागते. लक्षच नव्हते, तर आठवणार काय? मात्र प्रत्येक विसरभोळेपणा फोनच्या माथी मारू नका. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरी झोप, नैराश्य, कमी ऐकू येणे, यांनीही तसे होते. आधी तपासणी करून घ्या. ती निर्दोष निघाली, तर मात्र माझ्या पेटीत यावर गोळी नाही.

उपाय सापडतो तो सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी. कोविडकाळात शाळा फोनवर आली आणि शाळा उघडल्यावरही फोन मुलांच्या हातून सुटेना. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, सरपंच विजय मोहिते यांच्या काळात, गावातील बायकांनी सभा घेऊन भोंगा बसवायचे ठरवले. रोज संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजतो. साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि फोन बंद. प्रारंभी शिक्षक, आशा सेविका, ग्रामपंचायतीची माणसे घरोघर फिरली. त्या दीड तासात मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात.

यातले मर्म असे, की गावाने एकट्या मुलाच्या निग्रहावर भार टाकला नाही. शेजारच्या घरीही फोन बंद असतो, तेव्हा आपले काही हुकते आहे असे वाटत नाही, आणि वडीलही त्याच नियमात असतात. हातात फोन धरून दिलेला उपदेश मुले ऐकत नाहीत.

जामबागेत गावभर ऐकू जाणारा भोंगा बसवता येणार नाही, पण एका जिन्यावरची चार घरे एक वेळ ठरवू शकतात. आमच्या जैन घरांत सामायिकाला ४८ मिनिटे बसतात. सुरुवातीला तेवढा वेळही पुरेसा आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. नातवंडाला मराठी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. इथल्या शाळेत त्याच्या कानावर तेलुगू आणि इंग्रजी पडते. मराठी पडायची ती घरातच. ती ऐकायला त्याचे अवधान हवे, आणि ते मागण्याआधी आपण आपले द्यायला हवे.