ग्रामसभेचा ठराव आणि विजेचे नियोजन

पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिल 2017 मध्ये शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव केला आणि 1 जूनपासून तो संप राज्यभर पसरला, हे सर्वश्रुत आहे. मे 2022 मधील त्याच गावच्या ग्रामसभेकडे मात्र अभ्यासकांचे तितकेसे लक्ष गेले नाही. त्या वेळच्या मागण्यांत ऊस व कांदा यांच्या जोडीला आणखी एक मागणी होती : शेतीस दिवसा पूर्ण दाबाने वीज मिळावी. रात्रीच्या पाळीस पाणी भरताना बिबट्याचे भय असलेल्या या टापूत ती स्वाभाविकच होय. परंतु वीज कोणत्या वेळी द्यावयाची हा प्रश्न ती कशापासून निर्माण करावयाची या प्रश्नाशी बांधलेला आहे. सूर्यापासून मिळणारी वीज दिवसाच मिळते. सबब, कर्बोत्सर्जन हा शब्दही न उच्चारता गावाने वीज कंपनीच्या कोळसा सोडण्याच्या नियोजनावर मत दिले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

शासनाची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 चीच. तिच्या आरंभीच्या प्रकल्पांसाठी याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडली गेली. 2023 मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती निघाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्यावर शेतीची वाहिनी चालवावयाची, अशी तिची रचना आहे. तीतील पहिला प्रकल्प 2024 मध्ये गोदावरीपलीकडे, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे सुरू झाला.

आता या नियोजनात गावाचा शब्द कोठे येतो ते पाहू. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या 29 विषयांत ग्रामीण विद्युतीकरण व अपारंपरिक ऊर्जा हे दोन्ही विषय आहेत. वीज हा विषय मात्र समवर्ती सूचीत असून दर ठरविण्याचा अधिकार नियामक आयोगाचा आहे. 2003 च्या विद्युत् कायद्यानुसार आयोग दरनिश्चितीपूर्वी लोकांचे म्हणणे विचारात घेतो. त्यासाठीच्या जाहीर सूचनेत 'सूचना व हरकती' मागविल्या जातात, आणि ग्रामपंचायतीसही त्या पाठविता येतात.

'हरकत' हा शब्द येथे थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ हालचाल. हिंदीत तो कृती या अर्थी उरला. मराठीत मात्र तो अडथळा, आक्षेप या अर्थी स्थिरावला. (म्हणूनच आपल्याकडे 'हरकत नाही' म्हटले की काम पुढे सरकते, अरबाला ते थांबल्यासारखे वाटेल!) कार्यालयीन व्यवहारात गावाच्या संमतीस 'ना-हरकत' हे नाव मिळाले. म्हणजे आक्षेपाचा अभाव हीच संमती. गावास काय हवे, हे सांगण्यास या शब्दात जागाच नाही. याउलट 'असे सर्वानुमते ठरले' हे ठरावाचे वाक्य कर्त्याचे नाव घेत नसले तरी त्यात कोणाचे मत आहे ते स्पष्ट असते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, याची प्रचीती गायरानाच्या बाबतीत येते. जमीन महसूल संहितेच्या (1966) 22 व्या कलमान्वये गुरचराईसाठी जमीन राखून ठेवता येते. सौर प्रकल्पांस अशा जमिनी देऊ लागताच अनेक ग्रामसभांनी विरोधी ठराव केले. वीज दिवसा हवी असलेला बागाईतदार आणि मेंढरे चारणारा भूमिहीन एकाच सभेत बसतात. एकाचा लाभ दुसऱ्याच्या कुरणावर उभा राहतो, आणि भाडेपट्टा दीर्घ मुदतीचा. अमेरिकेतील बोल्डर नगराने 2011 पासून वीज कंपनीशी जवळजवळ दशकभर झुंज दिली व 2020 मध्ये मतदानाने तडजोड स्वीकारली. पण तेथे चराऊ रान पणास लागलेले नव्हते.

म्हणून विद्यार्थ्यांस माझी सूचना अशी की, आयोगाचे आदेश जरूर वाचावेत. परंतु त्यांच्या शेजारी ग्रामसभांच्या इतिवृत्तांच्या वह्या ठेवाव्यात. आदेशात 'हरकत' म्हणून नोंदलेली गोष्ट वहीत कित्येकदा मागणी म्हणून लिहिलेली आढळेल.