पुडी कुठून येते आणि पोराच्या डोक्यात काय करते

कॅम्प ५ मध्ये गांजा पिकत नाही. तरी नाल्याकाठी, बंद कारखान्याच्या भिंतीमागे संध्याकाळी तो वास येतोच. तो येतो फार लांबून. आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरचे डोंगर, म्हणजे विशाखापट्टणमचा आदिवासी भाग, मलकानगिरी, कोरापूट, हे त्याचे मोठे आगर. आपल्या राज्यात धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, कपाशी आणि तुरीच्या आड गांजा लावलेला पोलिसांना वारंवार सापडतो. व्यापारी आदिवासी शेतकऱ्याला आगाऊ पैसे देतो. पीक कापले गेले, धाड पडली, तर अडकतो तो शेतकरी. व्यापारी शहरात असतो.

तिथून माल ट्रकमधून, खासगी गाड्यांतून आणि रेल्वेने येतो. भुवनेश्वरहून येणारी कोणार्क एक्स्प्रेस आपल्याच बदलापूर, अंबरनाथच्या रुळांवरून कल्याणला पोहोचते. म्हणून कल्याण स्टेशनवर बेवारस बॅगांवर पोलिसांची नजर असते. बॅग उचलायला मात्र आपल्यासारख्या वस्तीतला पोरगा लागतो. "फक्त एवढी बॅग नेऊन दे, दोन हजार देतो." आत काय आहे ते मला ठाऊक नव्हते, हे कोर्टात त्यालाच सिद्ध करावे लागते.

एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे. १ किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत. त्यावर गेला की कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस, आणि जामीन मिळणे महाकठीण. एका मोठ्या बॅगेत वीस किलो सहज मावतो. दोन हजारांसाठी दहा वर्षे, हा हिशेब घरात पोरांसमोर मोठ्याने करा.

आता तब्येतीचे. "झाडपाला आहे, दारूपेक्षा बरा," असे पोरे म्हणतात. गांजाच्या शेंड्यांत टीएचसी नावाचे द्रव्य असते. ओढल्यावर काही मिनिटांत ते मेंदूत पोहोचते. छाती धडधडते, वेळेचे भान सुटते, आठवण कच्ची होते. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचे नुकसान जास्त. मोठेपणी सुरू करणाऱ्या दहांपैकी साधारण एकाला सवय जडते, किशोरवयात सुरू करणाऱ्या सहांपैकी एकाला. काहींना भास होतात, कुणीतरी मागावर आहे असा संशय येतो. घरात आधीच मानसिक आजार असेल तर हा धोका वाढतो. असा पोरगा दिसला की आपल्याकडे आधी "बाहेरचे लागले" म्हणून उतारा काढतात. बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढले त्याच वाटेने परत कशाला जायचे? डॉक्टरकडे न्या.

सोडल्यावर एक-दोन आठवडे झोप येत नाही, भूक मरते, चिडचिड होते. नेमके याच दिवसांत घरचे वैतागतात आणि मारहाण होते. तेव्हा आईबापांनी, आजीने दम धरायचा आहे. जेवण वेळेवर द्या, जुन्या कट्ट्यापासून दूर ठेवा. साखळीने बांधणारी "केंद्रे" असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी घालणे बेकायदेशीर आहे. तिथे पैसे भरू नका.

पोलीस पकडतील या भीतीने अनेक जण दवाखान्यात जात नाहीत. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये सवलत आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते.

पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. ते म्हणणाऱ्यांच्याच घरात पोरगा लपवला जातो, लाज वाटते म्हणून. ताप आला तर लपवतो का?

कॅम्प ३ चे मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे, ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरबसल्या बोलायचे तर १४४१६ हा टेलिमानसचा आणि १४४४६ हा नशामुक्तीचा क्रमांक, दोन्ही मोफत. फोन आईने केला तरी चालतो.