टिप्याची खाज आणि कारणाचा शोध

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाविषयी बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे उदाहरण मी चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. आज धूर आणि अग्नी जरा बाजूला ठेवू. आज मी माझ्या कुत्र्याच्या खाजेविषयी बोलणार आहे. हसताय, हसा. पण कारण म्हणजे काय, हे मला तर्कशास्त्राच्या ग्रंथांनी जेवढं शिकवलं, त्याहून थोडं जास्तच या कुत्र्याने शिकवलं. आणि ते शिकण्याची किंमत त्याने मोजली, मी नाही.

निवृत्तीनंतर आम्ही पुणं सोडून मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे राहायला आलो. पहिल्याच पावसाळ्यात एक गावठी पिल्लू पडवीत येऊन बसलं, ते राहिलंच. त्याचं नाव टिप्या. चार वर्षं सगळं ठीक होतं. पाचव्या वर्षी आषाढात तो खाजवायला लागला. आधी कान, मग पंजे चाटणं, मग शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडणं. रात्री दोन-दोन वाजता त्याची नखं फरशीवर वाजायची. झोपमोड व्हायची, मी ओरडायचो, "टिप्या, गप!" तो गप व्हायचा आणि अंधारात बसून पाय चाटत राहायचा. हे मला आज आठवलं की बरं वाटत नाही.

आता माझी चूक सांगतो. आमच्या कुंपणाला लागून काँग्रेस गवत, म्हणजे आपलं गाजर गवत, माजलेलं होतं. या गवताने माणसांच्या त्वचेला त्रास होतो, हे पुणेकरांना सांगायला नको. १९५० च्या दशकाच्या मध्यावर भारतात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच. मी म्हटलं, हेच कारण. दोन गडी लावून सगळं गवत उपटलं. आठ दिवसांत टिप्याची खाज निम्म्यावर आली. मी शेजारच्या चार घरी जाऊन गवताच्या दुष्परिणामांवर भाषणही दिलं.

एक गोष्ट मात्र मी त्या भाषणात सांगितली नाही. त्याच आठवड्यात टिप्याला खाजेचं इंजेक्शन दिलं होतं. ते स्टेरॉइडचं होतं. त्याचा असर तीन आठवड्यांत उतरला आणि खाज परत आली. गवत तर उपटलेलंच होतं!

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं आपण म्हणतो. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. हे मी मुलांना शिकवत होतो आणि घरी नेमकं तेच करत होतो. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आणि श्रेय मला आवडलेल्या गोष्टीला दिलं.

पुढचं दीड वर्ष असंच गेलं. कोणी म्हणालं अंड्याची उष्णता आहे, अंडी बंद केली. कोणी म्हणालं कडुनिंबाचं तेल लावा, तेही लावलं. कोणी गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून अंगावर ओतायला सांगितलं. ते मात्र सुदैवाने केलं नाही, कारण त्या औषधांनी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. अधूनमधून पुन्हा स्टेरॉइड. त्याने खाज थांबायची, पण टिप्या घमेलंभर पाणी प्यायचा, सारखा लघवीला जायचा, खा-खा करायचा. खाज दाबली जात होती. कारण जागच्या जागी होतं.

नैयायिक कारणाची व्याख्या करतात. कार्याच्या आधी नियमाने असणारं, पण अन्यथासिद्ध नसणारं, ते कारण. 'अन्यथासिद्ध' हा शब्द महत्त्वाचा. कुंभार गाढवावरून माती आणतो. घडा होण्याआधी गाढव होतंच, म्हणून गाढव घड्याचं कारण आहे का? नाही. माती दुसऱ्या कशानेही आणता आली असती. विश्वनाथ पंचाननांनी अशा पाच अन्यथासिद्धांची यादी दिली आहे. त्यात गाढव आहे आणि कुंभाराचा बापही आहे. माझं काँग्रेस गवत हे असं गाढव निघालं. प्रश्न असा, की दारात दहा गाढवं उभी असतील तर खरं कारण ओळखायचं कसं?

दीड वर्षाने एका तरुण पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी लगेच औषध लिहिलं नाही. आधी वही घ्यायला लावली. म्हणाले, "सर, रोज शून्य ते दहा गुण द्या. शून्य म्हणजे अजिबात खाज नाही, दहा म्हणजे जेवतानासुद्धा थांबून खाजवतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची." मी वरमलो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली हेच लिहून ठेवलंय आणि आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आहे तेव्हा आहे, नाही तेव्हा नाही. पण 'नाही तेव्हा' बघायचं असेल, तर बाकी सगळं जसंच्या तसं ठेवावं लागतं.

त्यांनी क्रम सांगितला. आधी परजीवी, मग जंतुसंसर्ग, मग आहार आणि शेवटी परिसरातल्या धूळ-परागांची अ‍ॅलर्जी. हा क्रम का, ते बघू.

पिसवा दिसत नाहीत, म्हणून नाहीत का?

मी ठामपणे म्हणालो, "डॉक्टर, पिसवा नाहीत. मी रोज बघतो." त्यांनी बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळापासून फिरवली. पिसू एकही निघाली नाही. चार काळे कण निघाले. ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले तर भोवती तांबूस वलय उमटलं. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

मीमांसक अभावाच्या ज्ञानाबद्दल एक अट घालतात, योग्यानुपलब्धी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती असेल, तरच न दिसण्यावरून ती नाही असं म्हणता येतं. उजेडात टेबलावर हत्ती दिसला नाही, तर हत्ती नाही. अंधारात सुई दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, तो इतका चाटतो आणि कुरतडतो की सापडायला पिसवा उरतच नाहीत. आणि त्याला खाज सुटायला थोडे चावेही पुरतात. त्यातून अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा म्हणजे एकूण संख्येच्या साधारण ५ टक्के. बाकीचं सगळं, अंडी, अळ्या, कोष, आपल्या अंथरुणात आणि फरशीच्या फटीत. कोषातली पिसू कित्येक महिने थांबू शकते. आणि मुळशीच्या दमट हवेत त्यांची चैनच.

खरुजेचंही असंच. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, पण किडा असूनही तो नमुन्यात सापडेलच असं नाही. कानाची कड, कोपरं, मागच्या पायांचे घोटे इथे खाज असेल आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटत असेल, तर खरुजेचा संशय घ्यायचा. अशा वेळी औषध देऊनच बघतात.

आम्ही पिसवा आणि खरूज दोन्हींवर चालणारी गोळी तीन महिने दिली. अंथरूण गरम पाण्यात धुतलं, फटी झाडल्या, पडवीत झोपणाऱ्या शेजारच्या मांजरीलाही तिच्या वेगळ्या औषधाचा डोस दिला. कुत्र्याचं औषध मांजरीला द्यायचं नाही, हे लक्षात ठेवा. काही औषधांनी मांजर मरते. आठवरचे गुण पाचावर आले. आता एका गोळीने दोन शत्रू मारले, त्यामुळे नेमका कोणता होता हे शंभर टक्के सांगता येईना. शिवाय तेव्हा थंडीचे कोरडे दिवस होते, त्याचाही वाटा असेल. माझ्यातला तत्त्वज्ञ थोडा नाराज झाला, टिप्या झाला नाही.

पंज्यांच्या बेचक्यात आणि कानात आंबूस वास होता. चिकटपट्टीने नमुना घेतला तर यीस्ट. ते बहुधा मूळ कारण नसतं. खाजेने बिघडलेल्या त्वचेवर ते माजतं आणि मग स्वतःच खाज वाढवतं. कार्य पुन्हा कारण बनतं, असं हे चक्र. औषधी शाम्पू आणि कानातलं औषध झालं, गुण चारावर. या सगळ्यात स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं. ते एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरांना विचारूनच कमी करायचं.

आहाराची परीक्षा

आता आहार. पुष्कळांना वाटतं रक्त तपासलं की कळेल. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी त्या रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. मार्ग एकच. कुत्र्याने कधीच न खाल्लेलं अन्न आठ आठवडे द्यायचं आणि त्याशिवाय काहीही नाही. आठच आठवडे का? अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक तेवढ्या काळात सुधारतात. तीन आठवड्यांत सोडून दिलं तर पुष्कळांची उत्तरं चुकतील.

चरकसंहितेत निदानाची पाच साधनं सांगितली आहेत. त्यातलं एक उपशय. रोग ओळखता येत नसेल, तर औषध, आहार किंवा विहार बदलून बघायचं आणि बरं-वाईट काय होतं त्यावरून रोग ओळखायचा. म्हणजे उपचार हीच परीक्षा. तसंच हे.

टिप्याने मासा आणि रताळं कधी खाल्लं नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली. चवदार गोळीतही प्रथिनं असतात, म्हणून ती थांबवून मानेवर टाकायचं औषध सुरू केलं. पाचव्या आठवड्यात गुण दोनवर आले. मी खुशीत होतो. आणि गुढीपाडवा आला.

श्रीखंडाची रिकामी वाटी मीच त्याच्यापुढे धरली. सणाचा दिवस, बिचारा महिनाभर रताळं खातोय! दोन दिवसांत कान लालभडक, गुण सहा. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "सर, आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून."

जूनमध्ये ते पुरे झाले. गुण पुन्हा दोनवर. आता इथे थांबायचा मोह होतो. पण हा निम्माच पुरावा आहे. व्यतिरेक झाला, अन्वय राहिला. जुनं अन्न एकेक करून परत द्यायचं आणि खाज परत येते का बघायचं. दोन आठवडे कोंबडी दिली, काही नाही. दोन आठवडे नुसती पोळी, काही नाही. मग दूध. दुसऱ्या रात्री नखं वाजायला लागली.

आता सांगतो, हे मला का लागलं. दूध त्याला कोण देत होतं? मीच. रात्री त्याच्यावर ओरडायचो, मग वाईट वाटायचं, मग उठून वाटीभर दूध-पोळी द्यायचो. दोन वर्षं मी कुंपणाबाहेर कारण शोधत होतो आणि ते रोज रात्री माझ्या हातातून त्याच्या वाटीत पडत होतं. कारण शोधताना आपण शोधणाऱ्याला यादीतून वगळतो, ही जुनी खोड आहे. नुसत्या कुत्र्यांच्या बाबतीत नाही.

आणखी एक कबुली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दुसऱ्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "सर, रातचं दूध पिलं की खाजवतंय बघा ते." मी लक्ष दिलं नाही. खरं तर त्यांनी दृष्ट लागली असंही सांगितलं होतं, म्हणून मी दोन्ही एकाच टोपलीत टाकलं. बरोबर निघालेला अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे, हे खरंच. परीक्षा करावीच लागते. पण जी गोष्ट वाटीभर दूध बंद करून तपासता आली असती, ती मी तपासली नाही, कारण सांगणारं माणूस मला पुरेसं शिकलेलं वाटलं नाही. हा दोष तर्कशास्त्राचा नाही, माझा आहे.

कारण एक की अनेक?

मग कारण दूध होतं की पिसवा? इथे नैयायिकांचा 'सामग्री' हा शब्द कामाला येतो. एकटं बी अंकुर देत नाही. माती, पाणी, ऊब सगळं जमावं लागतं. खाजेचंही असंच समजा. एक उंबरठा असतो. पिसवांनी थोडं, यीस्टने थोडं, दुधाने थोडं, असं मिळून पाणी उंबरठ्यावरून घरात येतं. सगळ्यांना कमी केलं तर उरलेलं सोसता येतं. म्हणून "अंडं बंद केलं, फरक नाही, म्हणजे आहार नाही" असं घाईने म्हणायचं नसतं. बाकीची कारणं तोवर खाज चालू ठेवत असतात.

टिप्याची खाज शून्यावर आली नाही. पावसाळ्यात अजूनही तीन-चारपर्यंत जाते. सगळं वगळल्यावर जे उरतं, त्याला परिशेषानुमान म्हणतात. परिसरातल्या कणांची अ‍ॅलर्जी अशीच ठरवतात. ती बहुतेकदा वयाच्या एक ते तीन वर्षांत दिसू लागते. टिप्याला उशिरा झाली, पण उरलेल्या खाजेला डॉक्टर तेच नाव देतात. ती बरी होत नाही, सांभाळावी लागते.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सगळ्या कुत्र्यांचं दूध बंद करावं का?*

नाही हो! मग मी पुन्हा गवत उपटायला निघालो असं होईल. दूध हे टिप्याचं कारण. तुमच्या कुत्र्याचं वेगळं असेल. बीफ, दूध, कोंबडी आणि गहू यांची अ‍ॅलर्जी कुत्र्यांत जास्त आढळते, पण पुष्कळ कुत्र्यांची खाज अन्नाची नसतेच. माझं उत्तर नेऊ नका, पद्धत न्या.

*प्रश्न : एवढी वही कोण ठेवणार, सर?*

मी दीड वर्ष ठेवली नव्हती. त्या दीड वर्षात तो रात्री झोपला नाही. वहीला रोज अर्धं मिनिट लागतं.

आता टिप्या म्हातारा झालाय, माझ्यासारखाच. रात्री पडवीत झोपतो. मध्येच मला जाग येते आणि मी कान देऊन ऐकतो. बहुतेक रात्री नखं वाजत नाहीत. पुढच्या वेळी शब्दप्रमाणाविषयी, म्हणजे कोणाच्या सांगण्यावर का विश्वास ठेवायचा, याविषयी बोलू. मावशींची आठवण तेव्हा पुन्हा निघेल.