वागणुकीमागची जखम

सोनाळ्यासारखं गाव असो की पुणे, एखाद्या मुलीचं ‘वळण बरं नाही’ असं एकदा बोललं गेलं की चौकशी तिथंच संपते. मुलाच्या बाबतीत तर ती सुरूच होत नाही.

खरं तर चौकशी व्हायला हवी ती बालपणाची. केंद्र सरकारने महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी केली; तिचा अहवाल २००७ मध्ये आला. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

अशा मुलाच्या मनात माया, भीती आणि स्पर्श यांची गाठ बसते. फिंकेलहोर आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्येच हे मांडलं होतं. पुढे काहींना स्पर्शच नकोसा होतो, तर काही वारंवार शरीरसंबंधांकडे ओढले जातात. त्यात सुख थोडंच असतं. घटकाभर अस्वस्थता थांबते, मग अपराधीपण येतं, आणि पुन्हा तीच ओढ. अर्थात, प्रत्येक पीडित असा वागत नाही आणि अशा प्रत्येक वागण्यामागे अत्याचारच असतो असंही नाही.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारसूचीत ताबा सुटलेल्या लैंगिक वर्तनाची नोंद आहे. मात्र केवळ नैतिक अपराधभावामुळे होणारा त्रास म्हणजे हा आजार नव्हे, असंही ती बजावते. गावकीने हे वाक्य जरूर वाचावं.

आघातावर केंद्रित समुपदेशनाने जुन्या आठवणींची धार कमी होऊ शकते. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे.