एक कार्ड, दोन कॅमेरे

आमच्या लहानपणी शिरूरला घरात लग्न निघाले की फोटोचा रोल एकच आणला जाई. छत्तीस फोटोंचा. ज्या कॅमेऱ्यात घातला त्यातच तो संपवायचा. अर्ध्यावर काढून दुसऱ्या कॅमेऱ्यात घालायची कोणाची छाती नव्हती. उजेड लागला की रोल गेला, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. मेमरी कार्डाला उजेडाचे भय नाही. म्हणून ह्यातून काढा, त्यात घाला, असे घरोघरी चालते. आम्हीही तेच केले आणि पस्तावलो, म्हणून हे लिहीत आहोत.

२०१९ च्या मे महिन्यात दौंडला आमच्या पुतणीचा मंगल परिणय होता. शिरूरहून आम्ही सारे न्हावरा-चौफुला मार्गे गेलो. फोटोग्राफर ठरवण्याइतके पैसे उरले नव्हते. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या भाच्याने हप्त्यावर घेतलेला कॅमेरा आणला. दुसरा आमच्या मेहुण्यांनी रेल्वेतल्या मित्राकडून मागून आणला. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि धड चालणारे कार्ड मात्र एकच! विधी होईपर्यंत भाच्याने फोटो काढले, मग त्याची बॅटरी उतरली. कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्यात गेले. आम्ही पंगतीत वाढत होतो. मेहुणे आले आणि म्हणाले, "दाजी, कार्ड रिकामंच दिसतंय. फॉरमॅट मारू का?"

हातात भाताचे पातेले. आम्ही म्हणालो, "मारा की."

कार्ड रिकामे नव्हते. सकाळचे सारे फोटो त्यात होते, फक्त त्या कॅमेऱ्याला दिसत नव्हते. असे का झाले ते आम्ही नंतर समजून घेतले. जवळपास सर्वच कॅमेरे कार्डावर डीसीआयएम नावाचा एक फोल्डर तयार करतात. जपानी कंपन्यांनी १९९८ साली त्यासाठी एक सामाईक नियम ठरवला. मात्र त्या फोल्डरच्या पोटात प्रत्येक कॅमेरा आपला वेगळा फोल्डर उघडतो. चाळ एक, खोल्या निराळ्या, तसेच हे. काही कॅमेऱ्यांत असे सेटिंग असते की फक्त स्वतःच्याच खोलीतले फोटो दाखवायचे. मग पडद्यावर 'फोटो नाहीत' असे येते आणि माणूस फसतो. त्या सेटिंगमध्ये 'सर्व फोल्डर' निवडले असते, तर फोटो बहुधा दिसले असते. पण मागून आणलेल्या कॅमेऱ्याचे सेटिंग कोण बघत बसतो?

चूक आमचीच. पण एक गोष्ट तेव्हा ठाऊक असती तर बरेच वाचले असते. कॅमेऱ्यात साधा फॉरमॅट मारला तर बहुतेक वेळा आतले फोटो लगेच पुसले जात नाहीत. पुसली जाते ती अनुक्रमणिका. पुस्तकाची पाने तशीच राहतात, पण कोणत्या पानावर काय आहे ते सांगणारे पान फाटते. नवे फोटो काढले की ते जुन्या पानांवर बसू लागतात. म्हणून घात झाल्याचे कळताच कार्ड बाहेर काढून ठेवावे, त्यावर एकही फोटो काढू नये. आम्ही तर पाठवणीपर्यंत फोटो काढत होतो.

आठवड्याने संगणक शिकलेल्या एका मुलाने फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवून काही फोटो परत मिळवले. त्यात आमच्या थोरल्या आत्यांचा एक होता. त्या नवरीच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या. वरचा अर्धा फोटो स्वच्छ, खालचा अर्धा नुसता राखाडी पट्टा. आत्यांचा चेहरा दिसतो, हात दिसतो, नवरी दिसत नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात आत्या गेल्या. त्यांचा अलीकडचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. शिरूरच्या घरात तोच लावला आहे, राखाडी भाग कापून.

आता कार्डांविषयी थोडे. एसडी कार्ड १९९९ साली मात्सुशिता (आजची पॅनासोनिक), तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी मिळून जाहीर केले. एरवी प्रत्येकाची चूल वेगळी. सोनीची मेमरी स्टिक, ऑलिंपस आणि फुजीचे एक्सडी. २०१० पासून सोनीनेही एसडी घ्यायला सुरुवात केली. आज आकार सारखा दिसतो, पण नेहमीच्या वापरात जात तीन प्रकारची: साधे एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्यापुढचे एसडीएक्ससी. नव्या कॅमेऱ्यात जुने कार्ड चालते, पण जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे कार्ड घातले तर तो 'फॉरमॅट करू का' असे विचारू शकतो. तिथे 'नाही' म्हणावे आणि कार्ड काढून घ्यावे. कार्डाच्या कडेला कुलपाची बारीक पट्टी असते. दुसऱ्याच्या हाती देताना ती खाली सरकवली तर फोटो बघता येतात, सहसा पुसता येत नाहीत. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड उपसू नये, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक घोटाळा संगणकावर होतो. दोन्ही कॅमेरे आपल्या फोटोंना ०००१ पासूनच नंबर देतात. एकाच कंपनीचे असले तर नावेही तंतोतंत सारखी. एका फोल्डरात उतरवताना 'बदलू का' असे विचारले जाते, आपण घाईत 'हो' म्हणतो, आणि एकाचा फोटो दुसऱ्याच्या बोकांडी बसतो.

१ जानेवारीला कोरेगाव भीमाला जाताना आता आमच्या घरात दोन कार्डे असतात. एकावर 'शिरूर', दुसऱ्यावर 'दौंड', मार्कर पेनाने लिहिलेले. चिठ्ठी चिकटवली होती, ती सुटून खाचेत अडकली, तेव्हापासून पेनच. घरी आलो की दोन वेगळ्या फोल्डरांत फोटो उतरवायचे, चार-दोन उघडून बघायचे, आणि मगच फॉरमॅट. तोही कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात, आणि भाच्याला विचारून.