हंसराज वाळला म्हणून उपटू नका

इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण ७००. मग घाटातले नेचे इथल्या बागेत टिकतील कसे, ही शंका रास्तच. पण हंसराज हा नेचा त्र्यंबकच्या डोंगरातही पावसाळा सरला की वाळतो आणि जमिनीतल्या खोडाच्या जिवावर उन्हाळा काढतो. त्याला बारमाही पाऊस नको. ओल धरणारा, तरी पाणी न तुंबणारा सावलीचा कोपरा हवा. आडवी येते ती नाशिकची चिकट काळी माती, म्हणून तिच्यात विटांचा चुरा आणि कुजलेला पालापाचोळा सढळ हाताने मिसळावा. रोपं डोंगरातून खणून आणण्याचं तर कारणच नाही: काळ्या, चकचकीत दांड्याच्या पानाचा शेंडा मातीला टेकला की तिथे मुळं फुटून नवं रोप धरतं.