मुंबई हायची पन्नास वर्षे, कात्रजहून पाहताना

कात्रजचा घाट चढणारे ट्रक, डेअरीकडे येणारे दुधाचे टँकर, पंपावरच्या रांगा. एवढे इंधन जाळणाऱ्या आपल्या पुण्यात समुद्रातल्या तेलविहिरी वाढवाव्यात का, ही चर्चा मात्र क्वचितच होते. ती उरण, मुरूड, पालघरकडे होते, कारण झळ तिथे बसते.

1973 मध्ये अरब देशांनी तेल अडवले आणि भाव चौपट झाले. फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून 160 किलोमीटरवर समुद्रात ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या फलाटाने मुंबई हाय हे तेलक्षेत्र शोधले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि हा फलाट एक रुपयाच्या नोटेवर छापला गेला. तो आनंद रास्तच होता. 1985 मध्ये मुंबई हायमधून दिवसाला साडेचार लाखांहून अधिक पिंपे तेल निघत होते. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघते.

पण या तेलाची किंमतही मोजावी लागली. मे 1993 मध्ये मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी फुटली. हजारो टन तेल समुद्रात गेले.

2005 चा मुंबईच्या महापुराचा 26 जुलै सगळ्यांना आठवतो, पण 27 जुलै विसरला गेला आहे. त्या दिवशी मुंबई हायवर मदतनौकेवरच्या एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली होती आणि पावसाळी हवेमुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते. त्याला क्रेनने तेल काढण्याच्या फलाटावर घेण्यासाठी नौका जवळ आली, लाटांनी हेलकावली आणि फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळली. दोन तासांत अख्खा फलाट जळून कोसळला. 22 जण गेले. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाचा इशारा आधीच मिळालेला असूनही ‘पी-305’ हा तेलक्षेत्रातील कामगारांचा निवासी तराफा समुद्रातच राहिला आणि बुडाला. त्यावर 261 जण होते. सत्तरहून अधिक जण परतले नाहीत. त्यांत बरेचसे कंत्राटी कामगार होते.

मच्छीमारांचे दुखणे रोजचे आहे. फलाटाभोवती 500 मीटरपर्यंत जायला बंदी, आणि तेलशोधाच्या सर्वेक्षणाच्या काळात जाळी काढून घ्यायची. पालघरच्या मच्छीमारांनी यावर वारंवार आंदोलने केली.

आता विस्ताराचा वेग वाढला आहे. 2022 मध्ये पूर्वी मनाई असलेले सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्र शोधासाठी खुले झाले. 2025 मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश तेलकंपनीला तांत्रिक साथीदार नेमले, आणि खोल समुद्रातील शोधमोहिमेची घोषणाही झाली. युक्तिवाद पन्नास वर्षांपूर्वीचाच: आयात घटवायची. आयात आजही गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक आहे. ही दरी नव्या विहिरींनी भरेल, असे मला वाटत नाही. जुन्या क्षेत्रातले तेल नीट काढण्याला माझा विरोध नाही. पण नवा पट्टा देण्याआधी वादळाच्या इशाऱ्यावर माणसे किनाऱ्यावर आणण्याची सक्ती हवी, त्यात कंत्राटी कामगार पहिले हवेत. मच्छीमारांची भरपाई सर्वेक्षणाआधी ठरायला हवी. आणि अशा प्रकल्पांच्या जनसुनावण्यांना आपण पुणेकरांनीही जायला हवे.